धाकट्याच्या हातची पेटी

आमच्या दुकानावर पाटी आहे, ‘फर्निचर व शवपेट्या’. पाटीचं लाकूड मी तासलं, अक्षरं मी काढली, तिच्याखालचा दरवाजा मी बसवला. आणि गिऱ्हाईक त्याच दरवाजातून आत येतं, माझ्याकडे बघून मान हलवतं आणि विचारतं, "धाकटे आहेत का?"

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. गल्लीत त्याला ‘बरंबरं’ म्हणतात. कुणी काहीही काम सांगितलं की हा "बरं, बरं" म्हणतो आणि उठतो, म्हणून. तुम्हाला वाटेल, हातात कसब असेल म्हणून लोक त्याला विचारत असतील. कसब! सरळ रेषेवर करवत चालवायला सांगितली तर ती कुठे पोचेल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. कोपऱ्याचा सांधा बसला नाही की भुसा आणि सरस कालवून फट बुजवतो, आणि वर माझ्याकडे बघून हसतो. मी खिळा न मारता सांधा करतो. लाकडात लाकूड असं अडकवतो की फटीत नख शिरणार नाही. पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

त्याच्याबद्दल गल्लीत सगळेच बोलतात, आणि गोडच बोलतात. मग मी का मागे राहू? मी त्याच्या शेजारच्या टेबलाशी उभा राहून जन्मभर रंधा मारला आहे. त्याला माझ्याइतकं बारकाईने कुणी बघितलेलं नाही. माया करणाऱ्याचं एखादे वेळी दुर्लक्ष होतं, जळणाऱ्याचं होत नाही.

दुकानाचे दोन भाग आहेत. पुढे कपाटं, टेबलं, पलंग. मागे जाड पडद्याआड पेट्या. पडदा अशासाठी की नवा पलंग घ्यायला आलेल्या नवराबायकोला पेटी दिसली की पलंग विकला जात नाही. पडद्यामागे लहान, मध्यम आणि मोठी अशा मापांच्या तयार पेट्या भिंतीला टेकून उभ्या असतात, कारण मरण काही आधी वर्दी देऊन येत नाही. एखादी पेटी पुरी झाली की धाकटा एक प्रकार करतो. चपला काढतो, पेटीत उताणा पडतो आणि डोळे मिटतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, माप घ्यायला फीत असते."

"माप नाही घेत, दादा. यात जो कुणी येईल त्याच्यासाठी प्रार्थना करतो. त्याच्या घरच्यांसाठी पण. उभ्याने माझं मन लागत नाही."

झोपून मन लागतं म्हणे! रविवारी उपासनेत बसला की पाळकांनी घसा साफ करायच्या आत याला डुलकी लागते. मी पहिल्या रांगेत बसतो. गाण्यात खालचा सूर माझा असतो. वचनं मला पाठ आहेत, अध्यायासकट. पाळक ज्याच्यामागे उभं राहून उपदेश करतात तो लाकडी कठडा माझ्या हातचा आहे, आणि त्याबद्दल मी मंडळीकडून एक पैसुद्धा घेतलेली नाही. पण मागच्या थंडीत पाळक तापाने अंथरुणाला खिळले तेव्हा प्रार्थनेला कुणाला बोलावलं असेल? मी अंघोळ करून, कोट घालून तयार बसलो होतो. निरोप आला तो धाकट्याला. तो भुशाने माखलेल्या कपड्यांतच गेला. चार शब्दांची प्रार्थना केली आणि मग पाळकांच्या पलंगाची कुरकुरणारी पट्टी ठोकून दिली. पाळक सगळ्यांना सांगत होते, फार बरं वाटलं. पट्टीमुळे वाटलं असणार.

दफन झालं की आमचं काम संपतं. हा मात्र महिन्याभराने, घरातली पाहुणेमंडळी पांगली की, हत्यारांची पिशवी घेऊन त्या घरी जातो. गेलेल्या माणसाची खुर्ची डुगडुगत असते, ती नीट करतो. दार घासत असतं, ते तासतो. मग बसतो. बोलत काहीच नाही, नुसता बसतो, आणि घरची बाई बोलायला लागली की ऐकतो. रविवारी दुपारीसुद्धा जातो. एकदा मी म्हटलं, "आज विश्रांतीचा दिवस आहे, विसरलास का?" तर म्हणाला, "मला तिथेच विश्रांती वाटते, दादा." असं उत्तर दिल्यावर भांडायचं तरी कसं?

गिऱ्हाइकाशीही तेच. एका बाईंना मी टेबल दाखवत होतो. वरची फळी सुरेख, तिला रंग असा चढला होता की बाई तिच्यावरचा हात काढेनात. व्यवहार ठरलाच होता. इतक्यात धाकटा पडद्यामागून आला आणि म्हणाला, "खालच्या बाजूने गाठ आहे हं, ताई. पाच-सहा वर्षांनी तिथे तडा जाईल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी टेबल घेतलं नाही. आठवड्याने त्या बहिणीला घेऊन आल्या आणि दोन कपाटं सांगून गेल्या. सांगताना म्हणाल्या, "धाकट्यांच्या देखरेखीखाली होऊ द्या." कपाटं मी केली. देखरेख त्याची!

पाळक बायबलातल्या दोन भावांचा तो दृष्टांत सांगायला लागले की मी बुटांकडे बघत बसतो. सगळ्यांना पैसा उडवून घरी परत आलेल्या उधळ्या धाकट्याचं कौतुक. शेतात राबणारा थोरला त्याच्या मेजवानीला न जाता बाहेर उभा राहिला तर त्याची बाजू कुणी विचारात घेतली आहे का? माझ्या मते त्याचं काही चुकलं नव्हतं. आणि माझं दुःख तर त्याहून मोठं. माझा धाकटा उधळ्या नाही, दारू नाही, उनाडक्या नाहीत. असता तर बरं झालं असतं, निदान रागवायला जागा राहिली असती.

बायको म्हणते, "अहो, तुमच्या पोटात दुखतं त्याला डॉक्टरकडे औषध नाही. तुम्ही पण जा की एखाद्या घरी. कुणी अडवलंय?" गेलो होतो. एका विधवा बाईंच्या कपाटाचं दार लटकत होतं, त्याची बिजागरी नवी घातली, वरून मेण लावून दिलं. दार बोटाने ढकललं तरी मिटायला लागलं. निघताना बाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "धाकट्यांना सांगा हं, मी आठवण काढली म्हणून." त्यानंतर मी कुणाच्या घरी गेलो नाही.

आमच्याकडे एक धारवाला यायचा. सायकलच्या चाकावर सहाण बसवलेली, तिच्यावर करवती, पटाश्या, शिंप्याच्या कात्र्या, घरोघरच्या सुऱ्या घासून द्यायचा. माणूस ताडमाड उंच. दारातून वाकून आत यावं लागे. गल्लीत इतकी उंची आणखी एकाचीच, आमच्या बाबांची. तोंडाला दारूचा वास, बोलणं कमी, आणि त्याचं म्हणावं असं माणूस कुणी नाही. एक दिवस तो येऊन गेला आणि बाबांचा जुना रंधा गेला. त्या रंध्यावर मी काम शिकलो होतो. धाकटा म्हणाला, "मी बोलून येतो." हात हलवत परत आला.

"विकला म्हणाला. उपाशी होता."

"मग तू काय केलंस?"

"मग त्याला जेवायला घेऊन गेलो."

"वा! आता एक करवत पण नेऊन दे त्याला." मी चिडून म्हणालो.

"बरं, बरं," म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात खरंच करवत नेऊन दिली, धार लावायला. मी त्यानंतर माझी हत्यारं स्वतःच घासायला लागलो. धारवाला दारात दिसला की मी पाठ फिरवायचो, आणि धाकटा त्याच्यासाठी स्टूल पुढे सरकवायचा.

आता बाबांबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे. बाबा दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचे. आमचा धंदा त्यांचाच. अख्ख्या शहराला त्यांनी पेट्या करून दिल्या, आणि आता छातीचं दुखणं जडलं होतं, जिना उतरला की दम लागायचा. जुनं चर्च पाडलं तेव्हा तिथल्या बाकांच्या अक्रोडाच्या फळ्या त्यांनी उचलून आणल्या होत्या. त्या माळ्यावर ठेवल्या होत्या, आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्या फळ्यांची बाबांची पेटी होणार होती. बाबा म्हणायचे, "माझी पेटी मी डोळ्यांनी बघून जाणार. दुसऱ्यांना आयुष्यभर दाखवली, मला बघायला नको?"

मला दुसरं काही नको होतं. दुकान नको, वरची खोली नको. बाबांची पेटी माझ्या हातची व्हायला हवी होती. बाबांनी मला सगळं शिकवलं, पण कधी पाठीवर हात ठेवून ‘छान’ म्हणाले नाहीत. ही पेटी मला सांगणं म्हणजे तेच म्हणणं झालं असतं. आणि दुसऱ्या कुणाला सांगणार होते ते? धाकट्याला? ज्याला काटकोन बघायचा गुण्या धरायचा कसा ते अजून सांगावं लागतं? मी इतका निर्धास्त होतो की एका दुपारी बाबा झोपलेले बघून फीत घेऊन वर गेलो. डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. खांद्याशी फीत धरली तेव्हा ते डोळे न उघडता म्हणाले, "थोरल्या, घाई आहे का?"

पुढच्या रविवारी उपासनेहून आलो, सगळे जेवायला बसलो. बाबांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि सांगितलं, "माळ्यावरच्या फळ्या काढा. पेटी धाकटा करेल."

माझा घास हातातच राहिला. "का?" मी विचारलं.

"माझी मर्जी."

धाकटा लाल झाला. "बाबा, दादाचा हात बघा आणि माझा बघा. दादालाच सांगा."

"तुला सांगितलंय."

"बरं, बरं," तो म्हणाला.

बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. नाहीतर मी ताट सोडून उठलो असतो. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. धाकटा त्या अक्रोडावर करवत चालवायचा आणि मी शेजारी एका डॉक्टरचं कपाट करत उभा असायचो. एक एक दात माझ्या काळजावर चालल्यासारखा वाटायचा. "दादा, हा कोपरा बसत नाही रे. बघतोस?" तो विचारायचा. मी म्हणायचो, "तुला सांगितलंय ना? मग तूच कर." हात शिवशिवायचे. बसून सुधारायला मला एक सकाळ पुरली असती. पण नाही म्हणजे नाही.

पेटी झाली. कोपऱ्यांत सरस-भुसा भरलेला, झाकण एका बाजूला किंचित उचललेलं. बाबांना धरून खाली आणलं. त्यांनी पेटीवरून हात फिरवला, फटीवर थांबले, पुढे गेले. "चालेल," म्हणाले. मी मनात म्हटलं, माझ्या हातून असा कोपरा झाला असता तर लाकूड माझ्या अंगावर भिरकावलं असतं. धाकटा नेहमीप्रमाणे आत झोपला. पेटी बाबांच्या मापाची, त्यामुळे त्याच्या पायाशी हातभर जागा उरली होती. मी पडदा ओढून घेतला.

नंतर पाऊण महिना झाला असेल. सकाळी पाळक दुकानात आले. धारवाला गेला होता. सरकारी दवाखान्यात दोन दिवस पडून होता, विचारायला कुणी आलं नाही, शेवटी दवाखान्यातल्यांनी चर्चला कळवलं. दुपारी चारला दफन करायचं ठरलं होतं. देह आणखी ठेवण्यासारखा नव्हता.

"पेटी द्याल ना?" पाळकांनी विचारलं.

"हवी ती न्या," मी म्हणालो. तेवढं मी म्हणालो होतो, हे लक्षात ठेवा.

धाकट्याने मोठी पेटी काढली, फीत लावली आणि उभा राहिला. "बसणार नाही यात. गुडघे मोडावे लागतील."

धाकटा माझ्याकडे वळला. "दादा, आपण दोघं लागलो तर चारपर्यंत लांब पेटी होईल. तू कापून दे, मी ठोकतो. माझ्या एकट्याच्याने होणार नाही."

"मला डॉक्टरांचं कपाट पोचवायचंय."

"उद्या पोचवू. मी सांगतो त्यांना."

"आणि तुझ्या माहितीसाठी सांगतो," मी म्हणालो, "ज्याने बाबांचा रंधा चोरला त्याच्यासाठी माझी करवत चालणार नाही. गुडघे मोडा नाहीतर काहीही करा."

धाकटा चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो पाळकांना म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. चारला पेटी येईल." मी हमाल बोलावले, कपाट टेम्पोत चढवलं आणि निघून गेलो.

डॉक्टरांच्या घरी कपाट लावून, दारं जुळवून परत यायला दुपार कलली. गल्लीच्या तोंडाशी आलो तर समोरचा शिंपी दुकानाबाहेर उभा. टोपी हातात. मला बघून तो म्हणाला, "फार वाईट झालं हो. पेटी मघाशीच गेली हातगाडीवरून. तुम्ही घरी कसे नाही?"

"कुठली पेटी?"

"अक्रोडाची. बाबांची."

मी धावलो. माझं वय धावायचं नाही, पण धावलो. जिना चढताना पायांत पाय अडकले. बाबा गेले आणि मी एका डॉक्टरच्या घरी बिजागऱ्या जुळवत होतो, एवढंच डोक्यात होतं. दार ढकललं. बाबा खिडकीशी बसून चहात ब्रेड बुडवत होते.

"काय रे? वाघ लागला का पाठीमागे?"

मी खाली बसलो. श्वास जाग्यावर आला तसा डोक्यात प्रकाश पडला, आणि मग राग आला. खरं सांगायचं तर रागाच्याही आधी आनंद झाला. इतक्या वर्षांत धाकटा पहिल्यांदा माझ्या तावडीत सापडला होता.

"बाबा, तुमच्या लाडक्याने काय केलं माहीत आहे का? तुमची पेटी त्या चोराला दिली! चर्चच्या बाकांच्या फळ्या! तुम्ही आम्हाला हात लावू दिला नाहीत आणि त्याने..."

"मला विचारून गेला."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"विचारलं, कुणासाठी. म्हणाला, धारवाल्यासाठी, त्याचे गुडघे मोडावे लागतायत. मी म्हटलं, ने." बाबांनी ब्रेडचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. मग माझ्याकडे नीट बघितलं. "ती पेटी तू केली असतीस, थोरल्या, इतकी चांगली की लोक बघायला आले असते. आज दिली असतीस का?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांच्यासमोर ते कधी जमलं नाही.

"नसती दिलीस. म्हणून त्याला सांगितली."

खालून रस्त्यावरचे आवाज येत होते. बाबांनी कप माझ्याकडे दिला, मी तो घेतला आणि तसाच हातात धरून बसलो.

"आता माझ्याकडे पेटी नाही," ते म्हणाले. "तू कर."

"फळ्या कुठे आहेत आता?"

"नवीन आणायच्या नाहीत. दुकानात असेल त्यातून कर."

दुकानात होतं काय? चांगल्या फळ्या गिऱ्हाइकांच्या ठरलेल्या कामाच्या, उरलं ते कपाटांचे आरसे ज्यातून येतात त्या खोक्यांचं पांढरं, हलकं लाकूड. त्यावर शिक्के, खिळ्यांची भोकं. मी ते निवडून काढलं. शिक्के रंध्याने घालवले. भोकं पडलेला भाग टाकून दिला. फळ्या अपुऱ्या, म्हणून लांबीला दोन जोडल्या, आणि जोड असा घेतला की सांगितल्याशिवाय कळणार नाही. एकही खिळा नाही. कोपरे दिवसाच्या उजेडात केले, एक चुकला तर तो फेकून दुसरा केला. मला हवं ते मिळालं होतं, म्हणजे मी आनंदात असायला हवं होतं. पण रंधा मारताना एकच विचार पिंगा घालायचा की हे कामसुद्धा मला धाकट्यामुळे मिळालं. त्याने आधीची देऊन टाकली नसती तर माझी पाळी आलीच नसती. हवं होतं बाबांकडून, आणि आलं ते त्याच्या हातून. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

दिवसभरात तो दोनदा तरी येऊन बघून जायचा. "दादा, हे कसं केलंस?" विचारायचा. मी दाखवायचो नाही. ही पेटी मी बाबांसाठी करत होतो हे खरंच, पण त्याने ती बघावी म्हणूनही करत होतो. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्याने माझ्याकडे बघून जळावं एवढीच माझी इच्छा होती. ती काही फार मोठी नव्हती.

पेटी झाली त्या दुपारी दुकान जेवणासाठी बंद होतं. मी पडदा ओढला, चपला काढल्या आणि आत झोपून बघितलं. डोळे मिटले. बाबांसाठी प्रार्थना सुरू केली, मनापासून केली, आणि मध्येच डोळा उघडून डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे सरसाचा थेंब वाळला होता. उठून तो खरवडला. मग पुन्हा झोपण्यात अर्थ नव्हता.

बाबांना खाली आणलं. त्यांनी कोपऱ्यांवर बोट फिरवलं. जोड शोधत होते, सापडला नाही. "कुठे जोडलंस?" मी दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ होण्यासाठी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि सरळ झाल्यावरही काढला नाही. काही बोलले नाहीत. मी पडद्याकडे बघत राहिलो.

त्यांच्या छातीने पुढचा हिवाळा काढला नाही. एका सकाळी धाकटा चहा घेऊन वर गेला आणि मला हाक मारली. हाकेवरूनच मला कळलं. आम्ही दोघांनी मिळून त्यांना अंघोळ घातली, कपडे चढवले, उचलून पेटीत ठेवलं. कुठे सूतभर कमी-जास्त नाही, माप अगदी बरोबर.

चर्च भरलं होतं. लोक येत होते, पेटीपाशी थांबत होते. सुतारमंडळी कोपऱ्यांपाशी वाकून एकमेकांना खुणा करत होती. शिंपी माझ्या कानात म्हणाला, "खोक्याचं लाकूड आहे हे कुणाला खरं वाटणार नाही." मी मान हलवत होतो, पण मी बघत होतो एकाच माणसाकडे. धाकटा शेवटी आला. त्याने पेटीच्या कोपऱ्यावर तळवा ठेवला, आणि डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं. "दादा," तो म्हणाला, "बाबांना किती नीट निजवलंस रे. माझ्या पेटीत त्यांना फट टोचली असती."

मी त्याचा चेहरा शोधला. हे दुखणं मला आतून-बाहेरून माहीत आहे, ते लपलेलं असलं तरी मला सापडतं. ओठाचा कोपरा, पापणी, नजर कुठे वळते, सगळं बघितलं. काही नव्हतं. त्याला बाबांचं दुःख होतं आणि माझ्या सांध्यांचा आनंद होता, दोन्ही एकाच वेळी, आणि मध्ये तिसरं काही नव्हतं. मला वडिलांच्या पेटीपाशी उभं राहून हेवा वाटला की याला माझा हेवा वाटत नाही. प्रभू मला क्षमा करो, पण वाटला.

दफनानंतर काही दिवसांनी आम्ही दुकान उघडलं. तो त्याच्या टेबलाशी, मी माझ्या. दोघांचे रंधे चालू होते. मग तो थांबला.

"दादा, एक मागू? माझी वेळ आली की माझी पण तूच कर."

"मी थोरला आहे. आधी माझी वेळ येणार."

त्याने याचा विचार केलेला नव्हता. त्याचा चेहराच उतरला. "मग तुझी कोण करणार?"

या शहरात माझ्या तोडीचा मिस्त्री नाही, हे मी माझ्या तोंडाने सांगायला नको. दोघा-तिघांना शिकवलंही आहे मी, त्यांना सांगितलं असतं तर अभिमानाने केली असती. मी धाकट्याच्या हातांकडे बघितलं. अंगठ्यावर हातोडीचा जुना काळा डाग, बोटांना सरस.

"तू," मी म्हणालो.

"माझे कोपरे वाकडे येतात रे."

"येऊ देत." मी पुन्हा रंधा उचलला, कारण त्याच्याकडे बघून पुढचं बोलवत नव्हतं. "आताच करून ठेव. आणि मी जिवंत असताना कुणाला लागली तर मला विचारायला येऊ नकोस. देऊन टाक."